दाबू कुठलं?

एक सोप्पा प्रश्न. पॅक-मॅन खेळायला किती बटणं लागतात?

दोन? चार? अहं. एकही नाही! जपानच्या नाम्को कंपनीनं १९८० मध्ये आणलेला हा गेम फक्त जॉयस्टिकवर चालतो. स्टार्ट दाबलं की बटणांशी संबंध संपला. त्याच्या एक वर्ष आधी आलेल्या अटारीच्या 'ॲस्टेरॉइड्स'चं नेमकं उलटं. तिथे जॉयस्टिकच नाही, नुसती पाच बटणं. डावीकडे वळा, उजवीकडे वळा, पुढे जा, गोळी झाडा आणि अगदीच जिवावर बेतलं तर हायपरस्पेस दाबून गायब व्हा. १९८१ च्या 'डाँकी काँग'ला उडी मारायला एक बटण पुरतं. आणि १९९१ मध्ये कॅपकॉमचा 'स्ट्रीट फायटर टू' आला तो सहा बटणं घेऊनच. तीन ठोशांची, तीन लाथांची.

गेम पार्लरमध्ये याचा कुणाला त्रास नव्हता. मशीन एका गेमसाठी बनलेलं, त्यावर त्या गेमला लागतील तेवढीच बटणं, शेजारी त्यांची नावं छापलेली. गोची होते ती घरी. घरी बनवलेल्या आर्केड कॅबिनेटमध्ये गेम्स ढीगभर आणि बटणांचा सेट एकच. पाहुणा येतो, उत्साहात गेम लावतो, समोरच्या सहा बटणांकडे बघतो आणि तुमच्याकडे वळून विचारतो, 'यातलं दाबू कुठलं?'

गेले चार महिने माझे सगळे वीकेंड्स या एका प्रश्नाच्या खात्यावर जमा आहेत.

मी फ्रीलान्स पत्रकार. शिक्षण मास कॉम. म्हणजे व्होल्टेज, सर्किट वगैरे शब्द माझ्या कानावर पडायचे ते इन्व्हर्टर दुरुस्त करायला आलेल्या काकांकडूनच. पुण्यात कोथरूडला दादा आणि मी भाड्याच्या टू बीएचकेत राहतो. दादा आयटीत, त्याच्या शिफ्ट्स विचित्र. माझ्या डेडलाइन्स त्याहून विचित्र. दोघं एकाच वेळी जागे आणि घरात असलो तर तो आमच्याकडे सण असतो! तेव्हा काहीतरी एकत्र करायचं ठरलं. ट्रेक माझ्याच्यानं होत नाही, स्वयंपाक त्याच्याच्यानं होत नाही. मग दादाच म्हणाला, 'गेमचं मशीन करू या. खरंखुरं. बटणं बदडता येतील असं.'

कामाची वाटणी झाली. लाकूडकाम दादाकडे, वायरिंग माझ्याकडे. बारा मिलिमीटरचं प्लायवुड, सोसायटीमागच्या सुतारकाकांकडून कापून आणलेलं. टेबलावर मावेल एवढंच कॅबिनेट. आत एक जुना मॉनिटर आणि रास्पबेरी पाय, म्हणजे क्रेडिट कार्डाएवढा कॉम्प्युटर. ब्रिटनमधल्या शाळकरी पोरांनी प्रोग्रॅमिंग शिकावं म्हणून तो २०१२ मध्ये निघाला आणि जगभरच्या थोराड पोरांनी त्यात गेम्स भरले. पुढच्या फळीवर एक जॉयस्टिक, खेळायची सहा बटणं आणि स्टार्टची दोन. या आठही बटणांत दिवे. कॉइनसाठी कडेला एक साधं, बिनदिव्याचं बटण.

आमचं दिव्याचं बटण उलटं केलं की खाली चार पत्र्या दिसतात. दोन स्विचच्या, दोन दिव्याच्या. आणि या दोन जोड्यांचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही! मला हा साक्षात्कार होता. घरच्या बोर्डाची आपल्याला सवय, बटण दाबलं की दिवा लागतो. इथे दाबणं वेगळं आणि उजळणं वेगळं. स्विच कॉम्प्युटरला सांगतो, 'मला दाबलं.' दिवा माणसाला सांगतो, 'मला दाब.' एक निरोप आत जाणारा, दुसरा बाहेर येणारा. आणि बाहेर येणारा निरोप काय असावा, हे तुम्हालाच ठरवावं लागतं.

बहुतेक लोक तो रंगानं ठरवतात. लाल म्हणजे गोळी, हिरवं म्हणजे उडी, निळं म्हणजे अजून काहीतरी. आरजीबी एलईडी घेतले की एकाच बटणातून हवा तो रंग निघतो. दिसतंही सॉलिड! पण आमच्या घरी हा फंडा पहिल्याच मीटिंगला बाद होता. कारण दादाला लाल आणि हिरवा वेगवेगळे दिसत नाहीत.

आम्ही मूळचे मिरजेचे. जंक्शनवरच्या गाड्या बघत वाढलेलं प्रत्येक पोरगं इंजिन ड्रायव्हर होणार म्हणतं. दादाही म्हणायचा. फरक एवढाच, की बाकीचे दहावीपर्यंत विसरले, हा विसरला नाही. भरतीचा फॉर्म भरण्याआधी बाबा त्याला डोळे तपासायला गावातल्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी ठिपक्याठिपक्यांच्या चित्रांचं एक पुस्तक उघडलं. शिनोबु इशिहारा या जपानी डॉक्टरांनी १९१७ मध्ये काढलेली ही टेस्ट आजही जगभर वापरतात. त्यातल्या पहिल्या पानावर १२ चा आकडा असतो आणि तो सगळ्यांनाच दिसतो. 'मला वाटलं, पेपर सोपा आहे,' दादा आजही सांगतो. पुढच्या पानांवर त्याला नुसते ठिपके दिसले.

त्या संध्याकाळी घरी कुणी फारसं बोललं नाही. नियमावर चिडण्यात अर्थ नव्हता, लाल-हिरव्या दिव्यांच्या भरवशावर हजारभर माणसं गाडीत झोपलेली असतात. पण नुसत्या गाड्या बघायला म्हणून दादा पुन्हा कधी स्टेशनवर गेला नाही. प्रवासाला निघाला तर गाडी सुटायच्या पाच मिनिटं आधी फलाटावर. बस्स.

याला रंगांधळेपणा म्हणतात, पण हा शब्द दादाला बिलकूल मान्य नाही. 'मला रंग दिसतात गं. तुला दिसतात तसे दिसत नाहीत, एवढंच.' निळा आणि पिवळा त्याला झकास ओळखू येतात. लाल, हिरवा, केशरी आणि तपकिरी ही मंडळी एकमेकांत मिसळतात. चौकातला सिग्नल तो जागेवरून वाचतो. वरचा लागला की थांबा, खालचा लागला की सुटा. फोन चार्जरवरच्या त्या इवल्याशा दिव्याला मात्र ना वर ना खाली. म्हणून रोज रात्री आमच्या घरात एक हाक येते, 'बघ गं, झाला का चार्ज?'

हे येतं आईकडून. लाल-हिरवा ओळखायला लागणारे जीन्स एक्स गुणसूत्रावर असतात. मुलाकडे एक्स एकच, तोही आईनं दिलेला. तो बिघडलेला निघाला तर बदली खेळाडू नाही. मुलीकडे दोन एक्स, एक रुसला तरी दुसरा सांभाळून घेतो. म्हणूनच युरोपीय वंशाच्या पुरुषांत हे साधारण बारांत एकाला असतं, बायकांत दोनशेंत एकीला. आईचे बाबा आंबे कधी रंगावरून निवडायचे नाहीत, प्रत्येक आंबा नाकाला लावायचे. आम्हाला वाटायचं, काय दर्दी माणूस आहे! आता वेगळा संशय येतो. आणि हिशेब करायचा तर आईचा तो एक्स माझ्याकडे आला असण्याची शक्यता फिफ्टी-फिफ्टी. पुढेमागे मला मुलगा झाला, तर त्यालाही ठिपक्यांत आकडा दिसेल न दिसेल. त्यामुळे बटणांच्या दिव्यांचा प्रश्न माझ्यासाठी निव्वळ टाइमपास नव्हता.

मीटिंगमध्ये मी म्हटलं, सगळीच बटणं पांढरी घेऊ. दादानं एक भुवई वर केली. 'हॉस्पिटल काढतेयस का?' शेवटी तह झाला. खेळायची सहा पांढरी, पहिल्या प्लेअरचं स्टार्ट निळं, दुसऱ्याचं पिवळं. गंमत म्हणजे पांढऱ्या एलईडीच्या पोटात बहुधा निळाच एलईडी असतो आणि त्यावर पिवळा प्रकाश देणाऱ्या फॉस्फरचा थर. दोन्ही मिळून आपल्याला पांढरं दिसतं. म्हणजे फिरून दादाचेच दोन रंग!

नियम मात्र एकच, रंग शोभेला आणि अर्थ उजेडाला. चार शब्दांची भाषा आम्ही ठरवली. अंधार म्हणजे या गेममध्ये या बटणाला काम नाही. झगझगीत म्हणजे मुख्य काम, गोळी किंवा उडी. मंद म्हणजे दुय्यम काम. आणि लुकलुक म्हणजे, वाट कसली बघतोस, दाब! परीक्षा दादानं शोधली. फळीचा फोनवर फोटो काढायचा आणि ब्लॅक अँड व्हाइट करून बघायचा. तरीही सगळं कळलं तर पास.

लुकलुक हा काही आमचा शोध नाही. 'ॲस्टेरॉइड्स'च्या मूळ मशीनवर स्टार्टच्या दोन बटणांत लाल एलईडी होते. एका खेळापुरते पैसे टाकले की पहिलं बटण लुकलुकायचं, दोघांपुरते टाकले की दोन्ही. रंगाचा प्रश्नच नव्हता. डोळ्यांना दिसणारा लाल एलईडी अमेरिकेत निक होलोन्याक यांनी १९६२ मध्ये बनवला, पण झगझगीत निळ्यासाठी जपानच्या शुजी नाकामुरांची १९९३ पर्यंत वाट बघावी लागली. त्या निळ्या उजेडाला २०१४ मध्ये फिजिक्सचं नोबेल मिळालं, नाकामुरांना आणि सोबत इसामु अकासाकी व हिरोशी अमानो यांना. ज्यांच्या हाती १९७९ मध्ये निळा नव्हता, त्यांनी एका रंगात आणि एका लुकलुकीत काम भागवलं. दादा या डिझाइनवर बेहद्द खूश आहे.

मग माझं डिपार्टमेंट सुरू झालं. पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार म्हणजे बुधवार पेठ. पासोड्या विठोबाच्या आसपास, तपकीर गल्लीत शिरलात की अर्ध्या तासात यादी पूर्ण होते. आमच्या यादीत होतं आर्डुइनो नॅनो हे बोटाएवढं कंट्रोलर बोर्ड, बारा व्होल्टचा ॲडॉप्टर, वायरी, बटणाच्या पत्रीवर बसणारे लग आणि यूएलएन २८०३ नावाचा एक चिप.

हा चिप कशाला? तर आमच्या बटणांतले दिवे बारा व्होल्टचे. आर्डुइनोची पिन देणार पाच व्होल्ट आणि तेही जेमतेम वीस मिलिअँपिअर करंट. तिच्याकडून दिवे लावून घेणं म्हणजे इंटर्नकडून अख्खा अंक काढून घेण्यासारखं. यूएलएन २८०३ मध्ये आठ इलेक्ट्रॉनिक स्विच असतात. आर्डुइनो फक्त तोटी फिरवतो, पाणी टाकीतून येतं. आठ दिवे, आठ तोट्या, चोख हिशेब.

जोडणी ऐकायला वाटते त्यापेक्षा सोपी आहे. आठही दिव्यांचे प्लस एकमेकांना जोडून थेट बारा व्होल्टला. ही वायर बटणाबटणावरून माळेसारखी फिरते. दिव्यांचे मायनस मात्र प्रत्येकाचे वेगळे, चिपच्या एकेका पायाला. म्हणजे करंट दारात कायम उभा असतो, चिप अडवतो किंवा सोडतो ती त्याची परतीची वाट. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ॲडॉप्टरचं मायनस, चिपचं ग्राउंड आणि आर्डुइनोचं ग्राउंड या तिघांची गाठ एकत्र बांधायची. ती नसेल तर आर्डुइनो बोलत राहतो आणि चिपला काही कळत नाही. दिवा लागलाच नाही तर घाबरू नका, बटणातली एलईडीची कॅप्सूल काढून उलटी बसवा. एलईडीला दिशा असते. साध्या बल्बसारखं कसंही बसवून चालत नाही.

मंद उजेडाची गंमत और आहे. व्होल्टेज कमी करून दिवा मंद करायचा नसतो, तो भराभर चालू-बंद करायचा असतो. आर्डुइनो हे सेकंदाला साधारण ४९० वेळा करतो आणि डोळ्यांना ते अखंड दिसतं. बंद वेळ जास्त ठेवला की दिवा मंद वाटतो. हे जमणाऱ्या पिना नॅनोवर बरोब्बर सहा. आमची खेळायची बटणंही सहा! स्टार्टच्या दोघांना नुसतं लुकलुकायचं, त्यांना साध्या पिना चालतात. लुकलुकही संथच हवी, अर्धा सेकंद चालू, अर्धा बंद. वेगानं चमकणाऱ्या दिव्यांचा फिट येणाऱ्या काहीजणांना त्रास होऊ शकतो. वेबसाइट्सच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीतही सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा काही चमकू नये असं सांगितलंय.

उजेडाचे आकडे ० ते २५५. गणितानं बघितलं तर १२८ म्हणजे निम्मा. पण डोळा गणित मानत नाही, १२८ ला दिवा जवळजवळ पूर्णच वाटतो. मग एका शनिवारी रात्री हॉलमधले दिवे घालवून दादाला फळीसमोर बसवलं आणि मी लॅपटॉपवर आकडे उतरवत गेले. ऐंशी. 'नाही.' पन्नास. 'नाही, अजून सारखेच वाटतायत.' तीस. 'हं... उतर अजून.' वीस. 'थांब! आता कळतंय. हा मंद, तो झगझगीत.' मी वीस लिहून टाकले. ज्या माणसाला दिव्यांनी एकदा नापास केलं होतं, तो आता ऐटीत मांडी घालून दिव्यांना पास-नापास करत होता. मी हे त्याला बोलून दाखवलं नाही. आमच्या घरात असलं काही बोलायची पद्धत नाही.

उरला प्रश्न, की कुठल्या गेमला कुठले दिवे हे आर्डुइनोला कोण सांगणार? पायवर आम्ही रेट्रोपाय टाकलंय. गेम सुरू होण्याआधी आणि संपल्यावर ते एकेक छोटी स्क्रिप्ट चालवतं आणि सुरू होताना तिला गेमच्या फाइलचं नाव देतं. आमची स्क्रिप्ट ते नाव यूएसबीवरून आर्डुइनोला कळवते. आर्डुइनोकडे तक्ता आहे, हा गेम आला की एक झगझगीत, बाकी अंधार, तो आला की सहाही. पॅक-मॅनला सगळी सहा विझतात आणि नजर आपोआप जॉयस्टिकवर जाते. पायथनचा आणखी एक चिमुकला प्रोग्रॅम कॉइनच्या बटणावर कान ठेवून असतो. कॉइन वाजलं की निळं स्टार्ट लुकलुकायला लागतं. तक्ता भरायचं काम कंटाळवाणं आहे, प्रत्येक गेम स्वतः खेळून ठरवावं लागतं कुठलं बटण मुख्य. आता याला कंटाळवाणं म्हणायचं की नाही, ते तुम्ही ठरवा!

मशीन पूर्ण झालं तेव्हा मित्रमंडळींना बोलावलं. माझ्या पत्रकार मैत्रिणी, दादाच्या ऑफिसमधली गँग, वरच्या मजल्यावरची सात वर्षांची चिमुरडी. त्या रात्री एकानंही विचारलं नाही की दाबू कुठलं. दिव्यांचं कौतुकही कुणी केलं नाही. लोक आले, बसले, दाबायला लागले. चिमुरडीनं दादाला सलग तीनदा हरवलं.

जेवणं झाल्यावर दादाचा एक सहकारी फळीसमोर रेंगाळत होता. निळ्या-पिवळ्या स्टार्टवर बोट फिरवत त्यानं हळूच विचारलं, 'लाल-हिरवं का नाही ठेवलंस रे?' दादानं कारण सांगितलं. तो दोन सेकंद गप्प. मग म्हणाला, 'तू पण?'

चार वर्षं हे दोघं एका रांगेत बसतायत! रोज सकाळी एकाच डॅशबोर्डकडे बघतात, ज्यात चालू सर्व्हर हिरवा आणि पडलेला सर्व्हर लाल. दोघंही रंग सोडून शेजारचा मजकूर वाचत बसायचे आणि दोघांनाही वाटायचं, ऑफिसात असे आपण एकटेच. रात्री दीडपर्यंत ते गॅलरीत बोलत होते. इशिहाराचं पहिलं पान, १२ चा आकडा, सगळं. दादाला मिरजेच्या स्टेशनबद्दल एवढं बोलताना मी कित्येक वर्षांनी ऐकलं. सोमवारी दोघांनी मिळून मॅनेजरला मेल टाकला. आता त्या डॅशबोर्डवर पडलेल्या सर्व्हरपुढे ठळक फुली येते.

बाहेरचं जगही हळूहळू हलतंय. जून २०२० मध्ये केंद्र सरकारनं नियम बदलले आणि सौम्य ते मध्यम रंगांधळेपणा असलेल्यांना ड्रायव्हिंग लायसन्स मिळण्याचा रस्ता मोकळा झाला. दादाचं लायसन्स त्यानंतरचंच. इथे पुण्यातल्याच एफटीआयआयनं रंगांधळ्या विद्यार्थ्यांना सर्व कोर्सेस खुले करावेत, असं सुप्रीम कोर्टानं एप्रिल २०२२ मध्ये सांगितलं. ते प्रकरण फिल्म एडिटिंगला प्रवेश नाकारलेल्या एका उमेदवाराचं होतं. रेल्वेच्या इंजिनात रंग ओळखता यायलाच हवेत, मान्य. पण एक्सेल शीटमध्ये? कंपनीच्या प्रेझेंटेशनमध्ये? मीटिंग रूमच्या दारावरच्या दिव्यात?

तेव्हा बॉस, आर्केड कॅबिनेट बनवा न बनवा, एक गोष्ट मात्र फुकटात करता येते. उद्या टीमला शीट पाठवण्याआधी तिचा फोटो काढा आणि ब्लॅक अँड व्हाइट करून बघा. कुठला प्रोजेक्ट वेळेत आणि कुठला लटकलेला हे तरीही कळलं तर पाठवा. नाहीच कळलं तर एखादी फुली, एखादा शब्द, एखादी ठळक चौकट टाका. दोन मिनिटांचं काम आहे. कारण दाबू कुठलं, असं जेव्हा एखाद्याला विचारावं लागतं, तेव्हा चूक त्याच्या डोळ्यांची नसते. बटणाची असते.